मी येईपर्यंत बॉस मारू नकोस

लांबलचक आरपीजी, म्हणजे हिरोची भूमिका घेऊन मोठी गोष्ट जगायची असले व्हिडिओ गेम, खेळायला काय लागतं असं कोणी विचारलं तर मी बोटं म्हणणार नाही आणि डोकं तर अजिबातच म्हणणार नाही. बैठक लागते. गवयाला लागते तशी. साठ तास, ऐंशी तास, कधीकधी शंभरावर. कुरुक्षेत्रावर १८ दिवसांत सगळं आटोपलं, आणि आमचा हिरो अठराव्या दिवशी काय करत असतो, तर कुठल्याशा खेड्यात एका म्हातारीचं हरवलेलं मांजर शोधत असतो. वर आकाशाला लाल भोक पडलंय, जग बुडायला आलंय, पण ते बिचारं थांबतं, आपण मुख्य क्वेस्टला, म्हणजे मोहिमेला, हात लावेपर्यंत महिनोन्महिने बुडायचं थांबून राहतं. आरपीजीतल्या प्रलयाइतका समंजस प्रलय दुसरा नसेल.

थांबत नाही ते घर.

जाणकार सांगतात की असले गेम मोठ्या टीव्हीवर, सोफ्यावर रेलून, चांगले स्पीकर लावून खेळायचे. कबूल. फक्त त्यासाठी टीव्ही मोकळा पाहिजे, सोफा मोकळा पाहिजे आणि आपण मोकळे पाहिजे, आणि हे तीन ग्रह एका राशीला आले असा दिवस पंधरवड्यातून एकदा उगवतो. त्या दिवशी मी दार लोटून, फोन उलटा ठेवून कन्सोल चालू करतो आणि कन्सोल म्हणतो, अपडेट आहे. ते झालं की गेम म्हणतो, माझंही आहे. तोवर कंट्रोलरची बॅटरी मेलेली असते आणि चार्जिंगची वायर काही सोफ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून मी टीव्हीपासून दोन हातांवर जमिनीवर मांडी घालून बसतो. सोफा मागे रिकामा. अर्थात जमिनीवर बसलो ते एका अर्थी बरंच, कारण सोफ्यावरून अक्षरं वाचता येत नाहीत. हे माझ्या एकट्याच्या डोळ्यांचं दुखणं नाहीये, २०१५ मध्ये 'द विचर ३' आला तेव्हा अक्षरं इतकी बारीक होती की लोकांनी बोंब ठोकली आणि मग अपडेटमधून ती मोठी करून द्यावी लागली. गेम बनवणारे लोक टेबलावरच्या मॉनिटरला नाक लावून बसत असणार असा माझा अंदाज आहे.

बरं, एवढं करून गेम सुरू झाला की मी कुठेतरी गुहेत उभा असतो. पंधरा दिवसांपूर्वी मी या गुहेत का शिरलो, आत चाललो होतो की बाहेर, काही म्हणजे काही आठवत नाही. पार्टीत, म्हणजे हिरोच्या टोळीत, चौघं आहेत, त्यातल्या एकीचं नाव आठवतंय. पिशवीत 'भंगलेली किल्ली' नावाची वस्तू आहे. ही कोणी दिली? का दिली? भंगलीये तर मी बाळगतोय कशाला? पाऊण तास असा इकडे तिकडे भटकल्यावर कुठे लिंक लागते आणि तेवढ्यात दार वाजतं.

आणि कटसीन, म्हणजे गेममधला नुसता बसून बघायचा सिनेमासारखा तुकडा. कटसीनबद्दल मला जरा वेळ घेऊन बोलायचंय. पन्नास-साठ तास घाम गाळल्यावर तो क्षण येतो, संगीत हळू होतं, राजाला नेमकं कोणी मारलं ते आता कळणार असतं, मारणारा माणूस टोपडं मागे सारायला हात वर नेतो, आणि आतून आई हाक मारते, "अरे, जरा इकडे ये." आता एकच प्रश्न. स्टार्टचं बटण दाबलं तर हे थांबेल की उडून जाईल? काही गेममध्ये थांबतं. काही गेममध्ये थेट पुढचा सीन. काहींमध्ये आधी विचारतात, बाबा रे नक्की का, ते सभ्य लोक. हे आधी तपासून ठेवायला हवं हे मला दर वेळी नेमकं कटसीनच्या मध्यावर सुचतं. मी दाबलं. स्क्रीन काळी झाली, आणि उजेड आला तेव्हा माझी पार्टी जहाजावर होती, सगळे रडत होते, आणि एक जण कमी होता. आईला वरच्या फळीवरचा डबा काढून हवा होता.

जुने लोक म्हणतील आमच्या काळी यापेक्षा वाईट होतं, आणि ते खरंच आहे. जपानमध्ये १९८७ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट २' आला त्यात सेव्ह, म्हणजे खेळ होता तिथे जपून ठेवणं, हा प्रकारच नव्हता, गेम एक मंत्र द्यायचा, जास्तीत जास्त ५२ अक्षरांचा, तो कागदावर उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं की सगळी तपश्चर्या पाण्यात. पुढच्या वर्षी तिसऱ्या भागात कार्टरिजमध्ये बॅटरी आली आणि पोरांचं अक्षर पुन्हा बिघडलं. माझ्या वाट्याला प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड आलं. त्यावर १५ ब्लॉक, म्हणजे सेव्ह ठेवायचे कप्पे, असायचे. १९९७ चा 'फायनल फँटसी ७' तीन डिस्कवर होता, मी तिसरीवर पोचलो होतो, आणि आमच्या ताईला तिच्या रेसिंगच्या गेमला एक ब्लॉक कमी पडत होता. "मला वाटलं जुनं काहीतरी असेल," असं ती म्हणाली. या गोष्टीला इतकी वर्षं झाली, ताईचं लग्न झालं, मुलं झाली, माझं मन अजून साफ नाही.

तर अशा पोळलेल्या माणसाला हातात धरून खेळायचं हँडहेल्ड म्हणजे मोक्ष वाटणारच.

हातातल्या मशीनला संसारी माणसाची कदर आहे. १९८९ चा गेमबॉय चार पेन्सिल सेलवर चालायचा, स्क्रीनला स्वतःचा उजेड नव्हता, रंग नव्हते, तरी १९९६ मध्ये पोकेमॉन आला तो त्याच्यावरच, आणि त्यात लढाई चालू नसली की कुठेही उभं राहून सेव्ह करता यायचं. गवतात, गुहेत, दुकानाच्या दारात. कारण हातातला गेम कधी बंद करावा लागेल याचा काही नेम नाही, बस येते, सर येतात, सेल संपतात. नंतर निन्टेन्डोचा घडीचा डीएस आला त्याचं तर झाकण मिटलं की गेम जागच्या जागी गोठायचा. हे मला आजही चमत्कारासारखं वाटतं. बॉसची, म्हणजे मोठ्या खलनायकाची, तलवार हवेत, आमचा जादूगार तोंड वासून, झाकण मिटलं, मी डबा काढून दिला, चार कामं केली, जेवलो, झोपलो, सकाळी झाकण उघडलं, तलवार हवेतच. कुंभकर्णाला उठवायला ढोल लागायचे, याला एक बोट पुरतं. २००९ मध्ये तर 'ड्रॅगन क्वेस्ट ९', म्हणजे एवढ्या मोठ्या घराण्याचा मुख्य भाग, सरळ डीएसवरच आला तेव्हा मला वाटलं, चला, घराण्यालाही आमची अडचण कळली. अर्थात त्यात सेव्हची जागा एकच होती. म्हणजे ताई लोकांचा धोका होताच.

पण मोक्षातही खोड्या असतात. हँडहेल्डवर गेम खेळला जातो तो चिमटी चिमटीने, दहा मिनिटं इथे, सात मिनिटं तिथे, आणि गोष्टीचा पार भुगा होतो. ज्या प्रसंगाला बनवणाऱ्यांनी पूर्ण ऑर्केस्ट्रा वाजवलाय तो मी आवाज बंद करून, रांगेत उभं राहून, मागच्या माणसाचा धक्का खात बघितलाय. हिरोचा गुरू मेला तेव्हा मी लिफ्टमध्ये होतो. डोळ्यांत पाणी आलं, शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काही झालं का घरी?" मी म्हटलं, "नाही नाही, सर गेले." ते दोन मजले गप्प उभे राहिले. आता त्यांना काय सांगू की सर ४२ लेव्हलचे होते.

शिवाय झोपून खेळणं. उताणं पडून, मशीन तोंडावर धरून, रात्री एक वाजता. सगळेच खेळतात, आणि सगळ्यांच्याच नाकावर पडतं. निन्टेन्डो स्विच कंट्रोलर धरून साधारण ४०० ग्रॅमचा आहे. मित्राचा स्टीम डेक, तोही हँडहेल्डच, आठवडाभर आणला होता, तो ६६९ ग्रॅमचा. आकडे नुसते वाचून हा फरक लक्षात येत नाही, नाकाला मात्र अचूक कळतो. तरी रात्री नाक चोळत मी पहिल्यांदा काय बघितलं तर पडताना चुकून कुठला डायलॉग दाबला गेला का.

मग माझ्यासारख्याला जी अक्कल सुचायची तीच सुचली. एकच गेम दोन्हीकडे घ्यायचा. सुट्टीच्या दिवशी मोठ्या कन्सोलवर, एरवी हँडहेल्डवर, म्हणजे बैठकही झाली आणि चिमटीही झाली. गेम कुठला ते सांगत नाही, चूक सर्वस्वी माझी होती, कारण मी आधी वाचलं नाही की इकडची सेव्ह तिकडे जात नाही. कळलं तेव्हा टीव्हीवर माझे ३१ तास झाले होते. हँडहेल्डवर काय तर पहिले पाढे पंचावन्न, तेच गाव, तीच म्हातारी, तेच मांजर. महिनाभर मी दोन्हीकडे खेळलो, आणि इकडे जिवंत असलेला माणूस तिकडे मेलेला, तिकडे मिळालेली तलवार इकडे शोधतोय, अशी धड ना इकडचा धड ना तिकडचा अवस्था झाली. शेवटी दोन्ही सोडले.

स्विच निघाला २०१७ मध्ये, मी घेतला बऱ्याच उशिरा. हातात धरा नाहीतर डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या खोबणीत, खुपसून टीव्हीवर बघा, सेव्ह एकच. म्हटलं, सुटलो. नव्या गेमला बसलो, सगळं हातातच, टीव्हीच्या वाटेला गेलोच नाही. आणि एका संध्याकाळी एका भल्यामोठ्या डंजनमध्ये, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या भुयारात, बॅटरी ४ टक्के. चार्जर कुठे, तर ऑफिसात. सेव्ह पॉइंट कुठे, तर देव जाणे. उरला डॉक, आणि डॉक टीव्हीपाशी, आणि टीव्हीपाशी आई, मालिकेत. जाहिराती लागल्या तसा मी हळूच जाऊन मशीन खुपसलं आणि टीव्हीवर आमचा हिरो उगवला.

"हा कोण?"

"हा हिरो. दोनच मिनिटं, आई."

"आणि तो पांढऱ्या केसांचा?"

"त्याचा मित्र. म्हणजे होता. याच्यामुळे आपलं गाव जळलं असं त्याला वाटतं म्हणून आता उलटलाय."

"मग खरं कोणी जाळलं?"

"ते अजून कळलं नाही."

आईनं चष्मा पुसून स्क्रीन नीट बघितली. "त्या पुरोहितानं."

मी हसलोच. पुरोहित पहिल्या तासापासून पार्टीला फुकट बरं करून देत होता, आशीर्वाद देत होता, त्याच्या तोंडी एक वाकडा शब्द नव्हता. "आई, तो चांगला आहे गं. सारखी मदत करतो."

"म्हणूनच," आई म्हणाली.

बावीस तासांनी पुरोहिताला पंख फुटले आणि गाव त्यानंच जाळलं होतं असं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आईला मालिकांचा तीस वर्षांचा अनुभव आहे. गेलेली स्मृती, जुळा भाऊ, मेलेला माणूस परत येणं, यातलं तिला काहीच नवीन नाही, उलट इथे सगळं फार लवकर उरकतात असं तिचं मत पडलं. आणि मुख्य म्हणजे तिच्या सगळं लक्षात राहतं. मी आठ दिवसांनी गेम उघडून भंजाळल्यासारखा उभा राहिलो की ती बसल्या जागेवरून सांगते, "त्या विहिरीकडे जायचं होतं ना तुला, ती मुलगी म्हणाली होती."

टीव्हीचा प्रश्न असा सुटला आणि दुसरा सुरू झाला. आता नियम असा की गोष्ट टीव्हीवर आईसमोर, आणि ग्राइंडिंग म्हणजे लेव्हल वाढवायला भुतं बडवत बसणं, मांजर शोधणं, वनस्पती गोळा करणं असली हमाली मी रात्री हातात करायची. एकदा रात्री लेव्हल वाढवता वाढवता एका दारातून चुकून आत गेलो आणि कटसीन लागला. बघितला. काय करणार, रात्रीचा दीड वाजला होता, अशा वेळी माणूस दुबळा असतो. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर लावलं तर आईनं तीन सेकंदांत विचारलं, "ती गुलाबी केसांची कुठाय?" मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. ती म्हणाली, "बघितलंस ना माझ्याशिवाय?" जुनी सेव्ह उघडून अडीच तासांचा भाग पुन्हा खेळावा लागला, आणि ती गुलाबी केसांची गेली तेव्हा पहिल्यांदाच बघतोय असा चेहराही ठेवावा लागला.

आता आम्ही शेवटच्या दाराशी आहोत. समोर सेव्ह पॉइंट, आत बॉस. आणि आई गेलीये ताईकडे पंधरा दिवस. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "मी येईपर्यंत बॉस मारू नकोस." म्हणून मी रोज रात्री त्या दाराबाहेर येरझाऱ्या घालतो, समोर येईल त्या भुताला बडवतो. तिची गाडी निघाली तेव्हा ६८ लेव्हल होती, काल ९१ झाली. आई येईल तेव्हा बॉस दोन फटक्यांत आडवा होणार आणि मग मलाच बोलणी बसणार की यासाठी का थांबवलंस. आज संध्याकाळी तिचा फोन आला, लेव्हल वगैरे विचारून झाल्यावर मागून ताईचा आवाज, "मीपण येतेय आईबरोबर, मलाही तो गेम पहिल्यापासून सुरू करून दे हां."

मी फोन ठेवल्या ठेवल्या तिच्यासाठी वेगळं प्रोफाइल केलंय. नाव सगळ्यात मोठं दिसेल असं टाकलंय.