ओपनरवाला चाकू खिशातच शोभतो

घडीचे चाकू जमवणाऱ्यांत एक खूळ आहे. चाकू कधी वापरलेलाच नसावा, डबीसकट असावा, ओपनरवर एक ओरखडासुद्धा नसावा. अशा चाकूला लोक वाट्टेल ती किंमत मोजतात आणि घरी नेऊन कपाटात कोंडतात. इतर चाकूंचं एक वेळ समजू शकतो, पण ज्या चाकूला बाटलीचा ओपनर आहे तो कपाटात ठेवणं मला अजिबात पटत नाही. तो चाकू रोज हाताळण्यासाठीच घडवलेला असतो.

इतिहास बघा. बाटलीचं दातेरी पत्र्याचं बूच विल्यम पेंटर यांनी बाल्टिमोरमध्ये शोधलं, पेटंट १८९२ चं. ते काढायच्या ओपनरचं पेटंट १८९४ चं. स्विस सैनिकांचा पहिला चाकू मात्र १८९० च्या नमुन्याचा. त्यात पातं, डबा उघडणी, टोच्या आणि स्क्रूड्रायव्हर, बस. ओपनर नाहीच, कारण उघडायला तसं बूचच नव्हतं! पुढे बुचाच्या बाटल्या जगभर पसरल्या आणि ओपनर चाकूत येऊन बसला. अमेरिकेतल्या स्काउट चाकूंत तर पातं, डबा उघडणी, टोच्या आणि ओपनर ही चौकडी ठरूनच गेली. स्विस सैनिकांच्या १९६१ च्या ॲल्युमिनियम मुठीच्या चाकूतही ओपनर आहे.

आता त्याची करामत. या जुन्या चाकूंना लॉक नसतं, पाठीतली स्प्रिंग फक्त दाबून धरते. तरी बाटली उघडताना ओपनर बोटांवर मिटत नाही. का? ओपनरचा आकडा बुचाच्या काठाखाली अडकतो, त्याचं चपटं टोक, जे स्क्रूड्रायव्हरचंही काम करतं, बुचाच्या माथ्यावर टेकतं आणि आपण मूठ वर उचलतो. त्या वेळी सगळा जोर ओपनरला आणखी उघडायच्या दिशेने ढकलतो, मिटायच्या नव्हे. तो आतल्या अडणीवर घट्ट टेकून राहतो. इतक्या साध्या पोलादी तुकड्यात एवढा विचार केलाय, याचं मला आजही अप्रूप वाटतं. मात्र त्याच टोकाने स्क्रू पिळताना सांभाळा. तिथे आडवा जोर लागला तर तो मिटू शकतो.

आणि हे चपटं टोक पात्याचा जीव वाचवतं. रंगाच्या डब्याचं झाकण, खोक्याची पिन, घट्ट बसलेली पट्टी, असं काहीही उचकटायला लोक पात्याचं टोक घालतात आणि ते तुटतं. जुन्या चाकूंत टोक तुटलेली, मग घासून बुटकी केलेली पाती किती दिसतात! उचकटायचं काम ओपनरचं. तो जाड असतो, त्याला धार नसते, तो सोसतो.

म्हणून जुना चाकू घेताना मी आधी ओपनर बघतो. आकड्याची कड गोल झाली असेल तर बुचावरून सटकणार. उघडून हलकेच डावी-उजवीकडे हलवा. खुटखुटत असेल तर रिव्हेट, म्हणजे सांध्याची खीळ, सैल झालंय. उघडताना आणि मिटताना खणखणीत ‘टक्’ आलं पाहिजे. आणि कृपा करून जुना चाकू पॉलिशच्या चाकावर धरू नका, पात्याच्या बुडाशी कोरलेली खूण पुसून जाते. कॅमिलस या कंपनीच्या अमेरिकन लष्करी चाकूंवर तिथेच वर्ष असतं. ते गेलं की त्या चाकूची ओळखच गेली.

वापरलात की पुसा, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा. कार्बन पोलादावर करडी छटा चढेल ती चढू द्या, तांबूस गंज तेवढा लगेच काढा. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नका, चाकूच्या पितळी भागांवर हिरवट थर धरतो. सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकच्या, मुठी तर वेगळ्याच ठेवा. त्या कुजायला लागल्या की त्यांतून निघणाऱ्या वायूने शेजारचे चाकूसुद्धा गंजतात. बंद कपाटात हे सगळं कुणाच्या लक्षात येत नाही, डबी उघडेपर्यंत नुकसान झालेलं असतं. खिशातल्या चाकूवर रोज नजर जाते.

विमानप्रवासात तेवढा तो हातातल्या बॅगेत ठेवू नका, चेक-इनच्या सामानात टाका. सुरक्षा तपासणीत असे सुंदर चाकू कायमचे गमावलेले लोक मला माहीत आहेत.

तुमच्याकडे आजोबांचा, वडिलांचा असा चाकू पडून असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका. ओपनर उघडलेला दिसू दे, आणि बुडाची खूणही.