‘इतर’ नावाचा रकाना

जुलै २०२३ मध्ये मी ऑफिसच्या एका मीटिंगला हजर होतो. म्हणजे माझा कॅमेरा बंद होता आणि शेजारच्या स्क्रीनवर भारत-वेस्ट इंडिज कसोटी चालू होती. डॉमिनिका बेटाची राजधानी रोझो, मैदान विंडसर पार्क. आपल्या मुंबईच्या यशस्वी जयस्वालने पदार्पणातच १७१ काढले, अश्विनने सामन्यात बारा बळी घेतले. पण माझं लक्ष सारखं स्टँडमागच्या डोंगरांकडे जात होतं. हिरवेगार, ढग अंगावर आलेले. थेट जुलैतला वरंधा घाट, फक्त पायथ्याशी समुद्र. बायकोला हाक मारून म्हटलं, “बघ, इथे जायला हवं.” ती म्हणाली, “आधी ऐक, मीटिंगमध्ये तुला कोणीतरी काहीतरी विचारतंय.”

मग धाकटाही कॉलेजला गेला आणि आमचं अमेरिकेतलं, न्यू जर्सीच्या एडिसनमधलं घर इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. तेव्हा ठरलं: डॉमिनिका, एक आठवडा, साहसी आणि स्वस्तात. माणशी पंधराशे डॉलर, वर एक पैसा नाही. मी एक्सेलची शीट उघडली. विमान, राहणं, जेवण, गाडी, गाइड आणि शेवटी ‘इतर’. ‘इतर’मध्ये शंभर टाकले. उगाच रकाना रिकामा दिसायला नको.

पहिली मदत मेहुण्याची आली. त्याने तासाभरात निम्म्या किमतीची तिकिटं शोधून पाठवली, पुंता काना नावाच्या गावाची. “तेच ना? डॉमिनिकन?” तेच नव्हे. ते डॉमिनिकन रिपब्लिक, मोठा स्पॅनिश बोलणारा देश. आमचं बेट वेगळं, इंग्रजी बोलणारं, वस्ती सत्तर हजारांच्या आसपास. कोलंबसला ते ३ नोव्हेंबर १४९३ ला दिसलं, त्या दिवशी रविवार होता, म्हणून डॉमिनिका. तिथले मूळचे कालिनागो लोक बेटाला ‘वाइतुकुबुली’ म्हणत, म्हणजे ‘उंच तिचा देह’. इतक्या देखण्या बाईला ‘रविवार’ म्हणून हाक मारायची, हे घाईतल्या प्रवाशालाच सुचू शकतं. हे सगळं मी मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, “पण पुंता कानात जेवण पॅकेजमध्ये आहे.”

दुसरी युक्ती माझीच. शेजारच्या ग्वादलूपपर्यंत स्वस्तात उडायचं आणि तिथून बोटीने डॉमिनिका. रात्री एक वाजता हा शोध लागला तेव्हा मी बायकोला उठवलं होतं. सकाळी तिने चहा ओतता ओतता विचारलं, “ग्वादलूप कोणाचं?” फ्रान्सचं. आमचे पासपोर्ट भारतीय. डॉमिनिकाला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण वाटेत फ्रान्स आडवा येतो. बोटीत वाचवलेले पैसे व्हिसात बुडणार होते. फोटोंचे वेगळे.

मग तारखा. सप्टेंबरात सगळंच स्वस्त होतं. राहणं, विमान, गाडी. लोक जवळजवळ आग्रह करत होते. आपल्याकडे पितृपक्षात सोनं घ्यायला गर्दी नसते, तसं काहीतरी असावं अशी मी समजूत करून घेतली. थोरल्याने फोनवर एकच तारीख सांगितली: १८ सप्टेंबर २०१७. त्या रात्री मारिया नावाचं पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ या बेटावरून गेलं आणि घरांची छपरं उडवून गेलं. “बाबा, जून ते नोव्हेंबर सीझन असतो.” “सीझन असतो तर स्वस्त का?” “वादळांचा सीझन, बाबा.” मे ठरला. शीटमधला विमानाचा आकडा लाल झाला.

पैशांचाही घोळ आहे. तिथे ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो, १९७६ पासून अमेरिकन डॉलरला २.७० या दराने बांधलेला. कोणी ‘शंभर डॉलर’ म्हणालं की आधी विचारायचं, कुठले? मी शीटमध्ये तिसरा रकाना रुपयांचाही ठेवला. अठरा वर्षं इथे राहून अजून कॉफीचे रुपये करतो, त्याला इलाज नाही. परिणाम असा की एकाच आकड्याने एकदा हायसं वाटायचं, एकदा घाम फुटायचा आणि एकदा पुण्यातल्या फ्लॅटचा मेंटेनन्स आठवायचा.

गाडी भाड्याने घ्यायची तर तात्पुरता परवाना वेगळा. वाहतूक डावीकडून. सुरुवातीला मी सुखावलो, शेवटी आपली बाजू! पण मागच्या खेपेला कोथरूडच्या सिग्नलला मी उजवीकडे घुसलो होतो, याची बायकोने आठवण करून दिली. मग मिनीबस. नंबरप्लेट ‘एच’ने सुरू होते, हात केला की थांबते. म्हणजे वडापच. हा आकडा शीटमध्ये इतका छोटा होता की मी तो ठळक केला.

मुख्य साहस म्हणजे बॉयलिंग लेक, जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं उकळतं तळं. लोदा गावापासून जाऊन-येऊन सुमारे तेरा किलोमीटर, सहा-सात तास, वाटेत व्हॅली ऑफ डेसोलेशन: जमिनीतून वाफा, गंधकाचा वास. हे सगळं जागतिक वारसा यादीतल्या राष्ट्रीय उद्यानात. गाइडशिवाय जाऊ नका, असं सगळेच बजावतात. आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले. “गरम पाण्याची कुंडं वज्रेश्वरीला आहेत,” ती म्हणाली, “आणि तिथे दर्शनही होतं.” खातात काय, तिने विचारलं. मी कौतुकाने कॅलालूचं वर्णन केलं: मोठी पानं शिजवून घोटून केलेलं, नारळाचं दूध घातलेलं. आई स्क्रीनच्या जवळ आली. “अळूच ना ते?” अळूच होतं. “मग फदफदं म्हण की. एवढ्यासाठी विमान?”

सराव म्हणून मी धाकट्याच्या जुन्या दप्तरात वीस पौंडांची बासमतीची पिशवी घातली आणि बेसमेंटचा जिना चढू-उतरू लागलो. तेरा पायऱ्या. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेला माणूस आहे मी. १९९८ साली, पण चढलेला. चौथ्या दिवशी उजव्या गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला. तो वर स्वयंपाकघरात ऐकू गेला. पाचव्या दिवशी तांदूळ डब्यात परत गेले आणि ‘इतर’मध्ये गुडघ्याचे पट्टे आले. पाठोपाठ काठ्यांची जोडी, पाण्यातले बूट, डासांचं मलम. सेलमध्ये अर्ध्या किमतीत झाडापानांच्या नक्षीची, मिलिटरी छापाची कार्गो पँट मिळाली. एवढी एकच खरेदी मी अभिमानाने घरी आणली. थोरल्याने फोटो बघून कळवलं की त्या बेटावर असले कपडे घालणं साध्या नागरिकाला गुन्हा आहे. परत द्यायला गेलो, तर सेलचा माल परत घेत नाहीत.

दोन आठवड्यांत ‘इतर’ने गाडी, गाइड आणि जेवण यांना मागे टाकलं. मग राहणंही. तो रकाना मी दोनदा फोडून पाहिला. प्रत्येक वस्तू स्वस्तच होती.

अखेर एका रात्री दहा चाळीसला मायामीमार्गे तिकिटं काढली. अमेरिकेत चोवीस तासांत तिकीट रद्द केलं तर पैसे पूर्ण परत मिळतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. दुसऱ्या दिवशी रात्री दहा वाजता मी लॅपटॉप उघडून बसलो. एकूण आकडा ठरल्याच्या दुपटीला टेकला होता. बायको समोर टीव्ही बघत होती, आवाज बंद. दहा वीस. तिने घड्याळाकडे पाहिलं, मी गुडघ्याकडे. दहा तीस. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, डबा उघडल्याचा आवाज आला.

“चिवडा किती दिवसांचा करू?”

“सात. नाही, आठ. विमान चुकलं तर.”

“पातळ पोहे पुरतील. डाळं आणि शेंगदाणे आणावे लागतील.”

दहा एक्केचाळीस झाले होते. मी ‘इतर’मध्ये डाळं आणि शेंगदाणे लिहिले.