विकलेली गाडी जाहिरातीत ठेवू नका

ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं सार असं: गूगलच्या जाहिरातीत ज्याची बोली, म्हणजे एका क्लिकला मोजायची तयारी असलेली रक्कम, मोठी तोच वर. बाजूचा यार्डवाला बसल्या बसल्या क्लिक करून तुमचे पैसे संपवतो. म्हणून सगळा स्टॉक टाकायच्या फंदात पडू नका, दोन-तीन स्वस्त गाड्या दाखवा आणि गिऱ्हाईक आलं की दुसरी गळ्यात मारा. घोडबंदर रोडवरच्या एका यार्डाच्या जाहिराती मी सांभाळतो. या सल्ल्यानं धंद्याचं नुकसान होतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मोठी बोली तोच वर, हे अर्धंच खरं. प्रत्येक सर्चला लिलाव होतो, पण त्यात बोलीसोबत जाहिरातीचा दर्जाही धरतात. लोक तिच्यावर क्लिक करतील का, शोधलेल्या शब्दांशी ती जुळते का, क्लिकनंतर उघडणारं पान कामाचं आहे का, हे सगळं बघतात. कुणी 'वॅगन-आर सीएनजी २०१९ ठाणे' शोधलं आणि तुमची जाहिरात थेट त्याच गाडीच्या पानावर गेली, तिथे फोटो, किलोमीटर, कितवा मालक, किंमत सगळं असलं, तर मोघम पान दाखवणाऱ्या बड्या कंपनीच्याही वर ती कमी बोलीत जाऊ शकते. म्हणूनच सगळा स्टॉक टाकायचा, एकेका गाडीचं पान करून.

क्लिक करून पैसे संपवतात, ही भीती मी समजू शकतो. पण संशयास्पद क्लिक गूगल गाळतं, त्यांचे पैसे लावत नाही, आणि नंतर सापडले तर खात्यात परत जमा करतं. जाहिरात खात्याच्या तक्त्यात अवैध क्लिकचा कॉलम लावला की आकडा दिसतो. गाळणीतून काही निसटतही असेल, पण खरी गळती दुसरीकडे आहे. लोकांनी नेमकं काय शोधलं याची यादी एकदा उघडा. भाड्याची गाडी, ड्रायव्हिंग क्लास, ड्रायव्हरची नोकरी, भंगार. हे शब्द तुम्ही वगळले नाहीत तर त्यांचे पैसे तुम्हीच भरताय. जाहिरात कुठवर दाखवायची ते ठरवणारं नकाशावरचं वर्तुळही तसंच. घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीभोवती पंधरा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ मारलं की डोंगरापलीकडचं बोरिवलीही आत येतं. तिथून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बघायला कोण येणार?

आता स्वस्त गाडीचं आमिष. याची मला खरी चीड आहे.

मागच्या पावसाळ्यात कळव्याहून एक जोडपं आलं, सोबत वडील. वॅगन-आर बघायची होती. ती सहा दिवसांपूर्वीच विकली गेली होती आणि पान उतरवायचं माझ्याकडून राहिलं होतं. आमच्या सेल्समननं सव्वा लाखानं महाग दुसरी गाडी दाखवायला सुरुवात केली. वडिलांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला. आमच्या जाहिरातीतली किंमत आणि किलोमीटर त्यांनी पेनानं उतरवून आणले होते, कागदाची एक कड भिजली होती. त्यांनी तो पुन्हा नीट घडी करून खिशात ठेवला आणि चहाही न घेता तिघं निघाले. माझी चूक अनवधानाची होती. मेसेज तीच मुद्दाम करायला सांगतो.

आणि हे नुसतं वाईट दिसण्यापुरतं नाही. दाखवलेल्या किमतीला ती वस्तू विकण्याची वाजवी शक्यता नसताना गिऱ्हाईक खेचायला जाहिरात करू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

मेसेजच्या शेवटी असंही आहे की जाहिरात एकदा लावली की सहा महिने बघायला नको. २२ सप्टेंबर २०२५ ला लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. साहजिकच जुन्या गाडीचा आदल्या आठवड्यातला भाव गिऱ्हाइकाला चढा वाटू लागला. ज्यांनी पानावरच्या किमती तशाच ठेवल्या, त्यांनी क्लिकचे पैसे भरून गिऱ्हाईक शोरूमकडे धाडलं.

आमच्याकडे आता टोकन हातात पडलं की पावती फाडायच्या आधी त्या गाडीचं पान उतरतं. काउंटरवरूनच मला फोन येतो, रविवारीसुद्धा.