एकच धनगरबाबा, तीन एन्ट्र्या

सकाळी फोन उघडला तर आमच्या फोटोग्राफी क्लबच्या ग्रुपवर दोन ओळी. अमुक लेफ्ट. तमुक लेफ्ट. बाकी सगळे चिडीचूप. एरवी सुप्रभातला चाळीस जण हात जोडतात, आज एकाचाही अंगठा नाही. म्हणून इथे लिहितोय. लांबेल, चहा घेऊन बसा.

आमच्या साताऱ्यातल्या क्लबची मासिक स्पर्धा तुम्हाला ठाऊक आहेच. दुसरा रविवार, शाळेचा हॉल, एन्ट्री ५० रुपये, नावं झाकलेली, परीक्षक बाहेरगावचा, त्याला श्रीफळ आणि पेट्रोलचे पैसे. या महिन्याचा विषय होता ‘श्रम’. ४३ फोटो आले. सतराव्याला पडद्यावर एक धनगरबाबा आले. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, मागं मेंढरं, धुळीतून तिरपं ऊन. हॉलमध्ये ‘वा!’ झालं. एकविसाव्याला तेच बाबा परत. तोच पटका, तीच धूळ, मान तेवढी डावीकडं. कोणीतरी खुसखुसलं. चौतिसाव्याला बाबा तिसऱ्यांदा आले तेव्हा परीक्षकच म्हणाले, “यांना आता मेंबरच करून घ्या.”

शीर्षकं: ‘श्रमयात्री’, ‘वाटसरू’, ‘अनंताचा प्रवासी’. ही शीर्षकं कुठल्या दुकानात मिळतात ते एकदा सांगा मला.

तिघांपैकी एकाला पहिला नंबर, दोघांना काही नाही. ते दोघं आज गेले. जाताना मला वैयक्तिक मेसेज: ‘फ्रेम तीच, लाइट तोच, आमचा शार्पनेस उलट जास्त. मग निकष काय?’

निकष! अरे, तुम्ही तिघं एकाच टेम्पो ट्रॅव्हलरमधून फोटो-टूरला गेला होतात. माणशी १५०० रुपये, पोहे-चहासकट. धनगरबाबा पॅकेजमध्येच. दोन पोरं मागून मेंढरं हाकायला, म्हणजे धूळ बरोबर उडते. बाबांना तो उतार सहा वेळा उतरायला लावला, हे तुमच्यातल्याच एकानं मला कौतुकानं सांगितलंय. आणि विषय काय, तर श्रम. श्रम झाले ते बाबांचे, ते पण सहापट.

मी स्पर्धेच्या विरोधात नाही. स्पर्धेमुळंच मी या नादाला लागलो. २००३ चा दुष्काळ, माण तालुका. सुटीच्या दिवशी याशिका कॅमेरा गळ्यात अडकवून मोटारसायकलवर निघालो होतो. एका गावात टँकर नुकताच विहिरीत ओतून गेला होता आणि एक बाई पायऱ्या चढून वर येत होती. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी, पाठीमागं काळीभोर सावली. त्या फोटोला राज्यस्तरीय स्पर्धेत पहिला नंबर मिळाला. परीक्षक म्हणाले, “क्षण अचूक पकडलाय.” ट्रॉफी अजून शोकेसमध्ये आहे, पंधरा इंची प्रिंट बैठकीच्या खोलीत आहे. घरी आलेल्यांनी पाहिलीय.

तर मुद्दा काय होता. हां, खोटेपणा. हा एकट्या धनगरबाबांचा विषय नाही. कासला सप्टेंबरमध्ये जा. युनेस्कोच्या यादीतलं पठार, २०१२ पासून, आणि तिथं माणसं खिशातून स्प्रेची बाटली काढून फुलांवर दव पाडतात. मग कॅप्शन: ‘पहाटेचं दान’. भिगवणला नावाड्याला सांगतात, बोट अजून आत घे, रोहित (फ्लेमिंगो) उडाले पाहिजेत. बिचारा पक्षी चिखलात खात असतो, त्याला उठवायचं, का, तर आपल्याला पंखांखालचा गुलाबी रंग हवाय.

मोठ्या स्पर्धांतही हेच चालतं, असं कोणी म्हणेल. चालतं, पण पकडलं की काढतात तरी. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणारा लांडगा पहिला आला होता. तो पाळीव, शिकवलेला लांडगा असावा असं परीक्षकांचं मत झालं आणि बक्षीस काढून घेतलं. फोटोग्राफरनं आरोप नाकारला, ते वेगळं. आपले कितीतरी मेंबर डिस्टिंक्शनच्या, म्हणजे नावापुढं लावायच्या किताबाच्या मागे लागून पीएसएच्या (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) मान्यतेच्या सलूनना, म्हणजे फोटोंच्या स्पर्धांना, फोटो पाठवतात. त्यांच्या फोटोजर्नालिझमच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की फोटोसाठी मुद्दाम घडवून आणलेलं किंवा पैसे देऊन उभं केलेलं चालणार नाही. वाचलेत का कोणी? आपण फक्त फाइलची लांबी किती पिक्सेल ते वाचतो.

आता आपल्या क्लबातले डॉक्टर कमेंटमध्ये फ्रेंच फोटोग्राफर द्वानोचा विषय काढणार, मला माहीत आहे. पॅरिसमधलं १९५० चं ते चुंबन, ते जोडपंही ठरवून उभं केलेलं होतं, आणि तरी जगानं ते भिंतीवर लावलं. मान्य, डॉक्टर. मलाही आवडतो तो फोटो. पुढे बोलू?

आमच्यात एक कंडक्टर आहेत. मुक्कामी गाडीवर असतात. तुमच्यातल्या पुण्या-मुंबईकरांना मुक्कामी गाडी माहीत नसेल: रात्री शेवटच्या गावी जाऊन थांबते आणि पहाटे तिथूनच सुटते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात. हे गृहस्थ चार वर्षं मोबाइलवर तेच काढतायत. पहाटे पाचला बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुणारा ड्रायव्हर. सीटवर अंथरलेली चादर, दांडीला अडकवलेला डबा. पहिली प्रवासी म्हणून दुधाची किटली घेऊन बसलेली आजी. चार वर्षांत त्यांना एकदा उत्तेजनार्थ मिळालंय. परवा पण परीक्षक म्हणाले, “बॅकग्राउंड डिस्टर्बिंग आहे.” एसटीचं बॅकग्राउंड डिस्टर्बिंग असणारच साहेब, ती एसटी आहे!

कंडक्टरसाहेब मात्र ग्रुप सोडून गेले नाहीत. खुर्च्या उचलून, हॉल झाडून, किल्ली शिपाईमामांना देऊन घरी गेले.

लिहिता लिहिता माझाच आवाज चढलाय हे कळतंय. बायकोनं आत्ता मागून वाचलं आणि विचारलं, “त्या विहिरीवरच्या बाईचं पुढचं लिहिणार आहेस का?”

लिहितो.

ती बाई एकदा वर आली नव्हती. तीनदा आली. पहिल्यांदा आली तेव्हा माझा फोकस लागला नव्हता. रोलमध्ये पाच फ्रेम उरल्या होत्या, त्यातली एक वाया गेली. मी म्हणालो, “मावशी, जरा परत एकदा येता का?” ती काही बोलली नाही. भरल्या हंड्यासकट परत चार पायऱ्या उतरली. दुसऱ्यांदा मागून एक पोरगं फ्रेममध्ये घुसलं. तिसऱ्यांदा जमलं. मेमधली दुपार होती. पायऱ्यांचा दगड एवढा तापला होता की मला बुटातून जाणवत होतं, आणि ती अनवाणी होती. फोटो झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, “जाऊ का आता घरला?”

अचूक क्षण म्हणे.

म्हणजे मी कोणत्या तोंडानं या दोघांना बोलतोय, असं तुम्ही विचाराल. विचारा. त्यांनी निदान त्या बाबांना पैसे दिले. मी मावशींना काही दिलं नाही, प्रिंटसुद्धा नाही. दोन हजारांचं बक्षीस मिळालं, त्यात फ्लॅश घेतला. गाव माहीत होतं, दहिवडीच्या पुढं, गाडीनं दोन तासांच्या आत. बावीस वर्षं झाली.

आणि हेही खरं की हौशी माणूस सहा दिवस बँकेत नाहीतर दुकानात राबतो, एक रविवार त्याला मिळतो, त्या रविवारी हातात काहीतरी लागावं असं त्याला वाटणारच. तेवढ्यात कोणी म्हणालं, पंधराशे द्या, फोटो नक्की मिळेल, तर तो जाईल. मीही गेलो असतो. पण मग ते ‘शिकायला गेलो होतो’ म्हणून मीटिंगला दाखवा ना, मजेत बघू. स्पर्धेत टाकायचं असेल तर खाली लिहा: ठरवून घेतलेला फोटो. तीन शब्द. त्यानं तुमचा शार्पनेस कमी होत नाही.

पुढच्या महिन्यापासून फॉर्मवर हा रकाना असेल. फोटोतला माणूस ओळखू येत असेल तर त्याचं नाव लिहायला आणखी एक. नाव माहीत नसेल तर ‘विचारलं नाही’ असं लिहा. या रकान्यावरून अजून चार जण ग्रुप सोडतील याची कल्पना आहे. १९ ऑगस्टच्या प्रदर्शनाच्या फ्रेमा उचलायला माणसं कमी पडतील, तेव्हा मलाच शिव्या घाला.

गेलेल्या दोघांना: वर चिडून लिहिलंय, ते खोडत नाही. पण ग्रुपची लिंक परत पाठवली आहे. एन्ट्रीचे ५० रुपये परत मिळणार नाहीत.

दुपारी माळ्यावरून निगेटिव्हचा डबा काढला. त्या पाच फ्रेम सापडल्या. पहिलीत फोकस खरंच नाही. मावशींचा चेहरा पुसट आहे, हंड्यातलं पाणी सांडून खांद्यावर आलंय आणि त्या माझ्याकडं बघत नाहीयेत, पाय कुठं पडतोय ते बघतायत. उद्या स्कॅन करून आणतो. रविवारच्या मीटिंगला दाखवीन, स्पर्धेत नाही, नुसतीच. त्याच्या पुढच्या रविवारी दहिवडीकडं जायचा विचार आहे, मोठी प्रिंट भिंतीवरून उतरवून ठेवलीय. त्या भागातल्या कोणाला घरं शोधायची माहिती असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. मला त्यांचं नावसुद्धा माहीत नाही.

मीटिंग साडेदहाला. प्रोजेक्टरची वायर ज्याच्याकडं राहिलीय त्यानं कृपया आणा.