जवानाच्या कॉलरला पंप कोण लावणार?

गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यात आम्ही कामगाराच्या कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर, फिल्टरची छोटी कॅसेट अडकवतो. नळी पाठीवरून कमरेच्या पंपापर्यंत. पाळी संपली की फिल्टर प्रयोगशाळेत जातो आणि कळतं, या माणसाच्या श्वासातून आज काय नि किती गेलं. 'शेडमध्ये मीटर आहे की!' म्हणणाऱ्या सुपरवायझरशी माझं नेहमी वाजतं.

जवानांचं असं कोण मोजतं?

सत्तरी तालुक्यातला माझा मामेभाऊ सियाचीनला होता. चवथीला आला तेव्हा मामीला सांगत होता, तिथे थुंकी काळी पडते. फायबरच्या झोपडीत रात्रभर रॉकेलची बुखारी, म्हणजे शेगडी, आणि दार उघडायची सोय नाही. काजळी तर आहेच, पण कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, आणि साडेपाच हजार मीटरवर ऑक्सिजन मुळातच निम्मा. खाली जेवढं निभावतं, तेवढं तिथे अंगावर येतं. शिवाय हवेत काय किती चालेल याची कारखान्यातली मर्यादा आठ तासांच्या पाळीची. हा तिथेच जेवतो, तिथेच झोपतो. अमेरिकी सैन्याने म्हणूनच एक तासापासून वर्षभरापर्यंतच्या वेगळ्या मर्यादा ठरवल्या.

पण न मोजता मर्यादा काय कामाच्या? मार्च 1991 मध्ये इराकमधल्या खामिसियाचा दारूगोळा अमेरिकी सैनिकांनी उडवला. त्यात सारीन हा विषारी वायू भरलेली रॉकेटं होती. पेंटागॉनने हे कबूल केलं 1996 मध्ये! मग वारा कुठला, ढग कुठे गेला, हे संगणकावर मांडत बसले, आणि झळ लागली असू शकेल अशांचा आकडा काही शेंवरून लाखाच्या घरात गेला. पुढे इराक-अफगाणिस्तानात याच सैन्याने खड्ड्यांत कचरा जाळला, त्या धुराने आजारी पडलेल्या सैनिकांचे भरपाईचे दावे 2022 चा पॅक्ट हा अमेरिकी कायदा येईपर्यंत रखडले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असं धरावं. तसं नाही हे सरकारने सिद्ध करावं. उत्तमच. पण त्याने पेन्शन मिळेल, बुखारी बदलणार नाही. त्याला आकडाच लागतो.

'सीमेवर कसले पंप लावता?' असं कुणीतरी म्हणणारच. अहो, कारखान्यातही सगळ्यांना लावत नाही. एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांतले काहीजण निवडतो. चौकीतल्या दोघा-तिघांना, थंडीतली एक रात्र. आणि तो आकडा त्या मोसमात तिथे राहिलेल्या प्रत्येकाच्या मेडिकल फाइलीत.