मांजर धडधाकट असतानाच डॉक्टरला दाखवा

पावसाळ्याआधी बैलांना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घ्यायची, हे आमच्या दारव्हा तालुक्यात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा लोकांनी स्वतः ढोरं धरून दिली, कोठ्याकोठ्यात लसीकरण झालं. आजार यायच्या आधी जनावर डॉक्टरच्या हाताखालून गेलं पाहिजे, ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. पण त्याच घरातल्या मांजरीचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं. "मांजरीले कोनी दवाखान्यात नेते काय बाप्पा? तिचं ते पाहून घेते." हे इतक्या घरांत ऐकलंय की आज सविस्तर लिहायचं ठरवलं.

मांजर शिकारी आहे खरी, पण कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी जाणारा लहान जीवही आहे. दुबळेपणा दिसला की घात होतो, म्हणून दुखणं लपवणं तिच्या रक्तातच आहे. बैलानं रवंथ सोडली तर घरधनी रात्री उठून डॉक्टरला फोन लावतो. मांजरीचं दुखत असलं तर ती सोयाबीनच्या पोत्यांमागे जाऊन बसते आणि घरचे म्हणतात, झोपली असंल. जेवली नाही तर म्हणतात, बाहेर उंदीर खाल्ला असंल. मांजरीच्या पोटात दोन-तीन दिवस काहीच गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि मूळ आजार राहतो बाजूला, यकृतच निकामी होऊ शकतं. जाड मांजरीला हा धोका जास्त.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. वर्षातून एकदा, मांजर चांगली उड्या मारत असताना, तिला दवाखान्यात न्यायचं. मोठ्या मांजरीचं एक वर्ष माणसाच्या साधारण चार वर्षांएवढं धरतात, त्यामुळे "मागच्याच वर्षी तर दाखवली" यात काही अर्थ नाही. दहा वर्षांपुढच्या मांजरीला तर सहा महिन्यांनी न्यावं. त्या वयात मूत्रपिंडं हळूहळू झिजतात. मांजर जास्त पाणी प्यायला लागते, जास्त मुतते, आणि बाकी काही दिसेपर्यंत बराच भाग निकामी झालेला असतो.

आमची काबरी मागच्या हिवाळ्यात ठणठणीत दिसत होती. उंदीर मारत होती, कवेलूवर फिरत होती. दवाखान्यात वजन भरलं २.९ किलो. आदल्या वर्षीच्या कागदावर ३.४ लिहिलेलं. अर्धा किलो म्हटलं तर काही वाटत नाही, पण साठ किलोच्या माणसाचं नऊ किलो उतरावं, तेवढं होतं ते. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं तर मागच्या दाढेभोवतीची हिरडी लालबुंद सुजलेली आणि दाढ मुळातून हललेली. चावताना कळ येत होती म्हणून ती कमी खात होती. घरात बसून हे कोणालाही कळणारं नव्हतं. भूल देऊन दाढ काढायची सोय तालुक्याला नव्हती, म्हणून अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत नेली. नंतर वजन पुन्हा चढायला लागलं. मागच्या वर्षीचा तो कागद नसता तर हे सापडलंच नसतं, म्हणून पहिली तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. पुढचं सगळं त्या कागदाशी ताडून पाहता येतं.

तपासणीत घाबरण्यासारखं काही नसतं. डॉक्टर हिरड्यांचा रंग पाहतात, छातीला नळी लावतात, पोट हातानं चाचपतात, कानात काळा मळ म्हणजे किडे आहेत का ते बघतात, ताप मोजतात. मांजरीचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०२ पर्यंत ताप समजू नये. अंगावर गोल चट्टे पडून केस गेले असतील तर तेही दाखवा, तो नायटा घरातल्या लेकरांना लागतो. जंताचं औषध वजनावर ठरतं. बकरीच्या औषधातलं चमचाभर मांजरीला पाजू नका.

दोन तपासण्यांच्या मध्ये घरीच वजन करता येतं. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी मोजायचा लटकता काटा आपल्याकडे घरोघरी आहे. मांजर पिशवीत घालून महिन्यातून एकदा त्याला लावा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. वजन सारखं उतरत असेल तर वर्षाची वाट पाहू नका.

बोका पाळणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. बोका पुन्हापुन्हा बसून जोर करतोय, ओरडतोय, आणि लघवी येत नाहीये किंवा थेंबभर येतेय, तर त्याची वाट खड्यानं किंवा चिकट साक्यानं बंद झालेली असते. आमच्या शेजारच्या घरी असं झालं तेव्हा पोट साफ नाही समजून एरंडेल पाजलं. दुसऱ्या दिवशी बोका गेला. विष रक्तात चढून एक-दोन दिवसांत जीव जातो आणि वेळेत नळी घातली तर तोच बोका वाचतो. हे झालं तर रविवार असो की सण, लगेच डॉक्टर गाठा.

लसीबद्दल. "आमच्या घरी मांजर लाभत नाही" असं म्हणणारी घरं प्रत्येक गावात आहेत. पिल्लं आणली की ओकतात, हगवण लागते, आठवडाभरात सगळी जातात, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यात बहुतेक वेळा पॅनल्युकोपेनिया नावाचा विषाणू असतो. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवतो आणि घरात, कोठ्यात, टोपलीत वर्षभर तग धरू शकतो, म्हणून नवीन पिल्लांनाही लागतो. घराला दोष देण्यापेक्षा पिल्लं आठ आठवड्यांची झाली की लस सुरू करा. तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळा आठवड्यांची होईपर्यंत ती पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या पुढे आणि मग दरवर्षी. रेबीज फक्त कुत्र्याचा नसतो. पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेली मांजर घरात लेकराच्या अंथरुणात झोपते, याचा विचार करा. मांजर चावली तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. चुना-हळद लावून बसू नका.

आणि विष. आपल्या भागात मांजरींचा सगळ्यात मोठा घात इथेच होतो. फवारणीच्या विषानं काय होतं, हे यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ मध्ये माणसांच्या बाबतीत पाहिलंय. मांजर तर अंगाला लागलेलं सगळं चाटून पोटात घेते. फवारणीचा पंप, रिकामे डबे, ओले कपडे तिच्या वाटेत ठेवू नका. बैलांच्या गोचिडांसाठी लावतो ती सायपरमेथ्रिन-डेल्टामेथ्रिनची औषधं मांजरीला चालत नाहीत. कुत्र्याच्या काही पावडरींत परमेथ्रिन असतं, तेही नाही. अंगाला झटके येऊन मांजर मरते. उंदराचं औषध खाल्लेला उंदीर तिनं खाल्ला तर काही औषधांनी आतून रक्तस्राव सुरू होतो. तो तीन-चार दिवसांनी दिसतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधावर जीवनसत्त्व के१ हा उतारा आहे, म्हणून औषधाचं पाकीट फेकू नका, डॉक्टरला दाखवायला घेऊन जा. मांजर पाळली आहे त्या घरात मुळात उंदराचं औषध ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अंग तापलं म्हणून माणसाची पॅरासिटामॉल तर कधीच नको. मांजरीचं यकृत ती पचवू शकत नाही, एका गोळीनंही जीव जातो.

खाण्याचं थोडक्यात सांगते. नुसत्या दूध-पोळीवर मांजर जगत नाही. टॉरिन नावाचा घटक तिला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला की डोळे जातात आणि हृदय कमकुवत होतं.

नेताना पोत्यात कोंबून फटफटीवर नेऊ नका. कोंबड्यांचं डालं किंवा झाकणाची टोपली घ्या, आत तिच्याच अंथरुणाचं फडकं टाका, वरून ओढणी बांधा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत निघा. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल तर ती संकटात आहे असंच समजा.

"ढोराच्या दवाखान्यात मांजरीले हात लावत नाईत" हा समज सोडा. आमच्याकडच्या डॉक्टरांनी कधी नाही म्हटलं नाही. अडचण येते ती लसीची. रेबीज लसीची दहा डोसांची बाटली येते, उघडल्यावर ती फार ठेवता येत नाही, म्हणून एका मांजरीसाठी उघडायला परवडत नाही. पिल्लांची लस यवतमाळहून बर्फाच्या डब्यात आणावी लागते, २ ते ८ अंशांत राहिली तरच तिचा उपयोग. म्हणून पोळा झाल्यावर एका सकाळी आसपासच्या गावांतल्या मांजरी एकदमच न्यायचं डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. ज्यांना यायचंय त्यांनी मांजरीचं वय, आधी काही टोचलंय का, आणि गाभण आहे का, हे मेसेजमध्ये लिहून पाठवा. गाभण मांजरीला काही लसी देत नाहीत, त्यामुळे ते आधी कळलं पाहिजे.