‘फुकट सोलार’चा तो मेसेज: अनुदान खरं, अटी खोट्या

“सरकार प्रत्येक घरावर फुकट सोलार बसवतंय. ७८,००० रुपये आधी खात्यात जमा. दरमहा ३०० युनिट मोफत, बिल कायमचं शून्य, लाइट गेली तरी घर चालू. खालची फाइल उघडा, आधार भरा, १,४९९ रुपये नोंदणी शुल्क भरा.”

हा मेसेज आत्याच्या फोनवर आला आणि ती पैसे भरायला बसली होती. आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

आधी सगळ्यात घातक गोष्ट, ती फाइल. घराच्या छतावर सोलार बसवायला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची नोंदणी सरकारी पोर्टलवर होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’नेच संपतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे थेट अ‍ॅप बसवणारी फाइल, फोनमध्ये घेतली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती दिलीत की बँकेचा ओटीपी परस्पर दुसऱ्याच्या हातात जातो. म्हणजे धोका फक्त १,४९९ रुपयांचा नाही, अख्ख्या खात्याचा आहे. कुणी फाइल उघडली असेल तर फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

आता ‘फुकट’. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी योजना मंजूर केली, त्या निर्णयातच हिशेब दिला आहे: पहिल्या २ किलोवॉटसाठी प्रमाणित (सरकारने धरलेल्या) खर्चाच्या ६० टक्के अनुदान, त्यापुढच्या १ किलोवॉटसाठी ४० टक्के आणि ३ किलोवॉटनंतर वाढ नाही. रुपयांत सांगायचं तर १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा अधिकला ७८,०००. उरलेला खर्च घरमालकाचा. ५ किलोवॉट बसवलं तरी ७८,०००च. या एका निर्णयावर ‘फुकट’ हा शब्द टिकत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांसाठी राज्याची ‘स्मार्ट’ योजना आहे. १ किलोवॉटला केंद्राच्या ३०,००० वर राज्य १७,५०० घालतं. तिथे ‘जवळपास फुकट’ म्हणता येईल. पण ते सगळ्यांसाठी नाही, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

‘आधी खात्यात जमा’ हे तर साफ उलटं आहे. अनुदान सगळ्यात शेवटी येतं. क्रम असा: पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, मंजुरी, नोंदणीकृत विक्रेत्याची निवड, पॅनेल बसवणं, नेट मीटर (ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर), वीज कंपनीची तपासणी, संयंत्र सुरू झाल्याचा अहवाल, मग बँकेचा तपशील आणि त्यानंतर पैसे. तोवर खर्च तुमच्या खिशातून किंवा कर्जातून.

अर्ज अडकतात ते बहुतेक कागदावर. वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि बँक खातं नातवाचं, हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. अर्जाआधी बिलावरचं नाव बदलून घ्या. नंतर धावाधाव होते. दुसरी अडचण पॅनेलची. अनुदानाला भारतात बनलेले सेल (उन्हातून वीज बनवणाऱ्या पॅनेलमधल्या चकत्या) आणि भारतातच जुळवलेलं पॅनेल लागतं. विक्रेते त्याला डीसीआर म्हणतात. कोटेशन स्वस्त दिसलं की आधी हेच विचारा. पॅनेलच्या मागच्या लेबलवरचे सिरियल नंबर पोर्टलवर चढवावे लागतात. परदेशी सेलचं पॅनेल निघालं तर अनुदान गेलं, आणि तोवर ते छतावर घट्ट बसलेलं असतं.

‘३०० युनिट मोफत’चा अर्थ सरकार ३०० युनिट देतं असा नाही. तुमचीच पॅनेल ती वीज बनवतात. १ किलोवॉट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे ३ किलोवॉटला महिन्याचे साधारण ३६०. पावसाळ्यात हा आकडा बराच खाली येतो. दर किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविना जागा हवी. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच रांगेतल्या बाकीच्यांची वीजही घटू शकते, कारण ती एकापाठोपाठ एक जोडलेली असतात. म्हणून विक्रेत्याला सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ ला गच्चीवर उभं करून सावली दाखवा.

बिल शून्य? युनिट शून्यावर येऊ शकतात, पण स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो. उरलेले युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात. मार्चअखेर शिल्लक राहिलेल्यांना मात्र तुमच्या विजेच्या दरापेक्षा कमी भाव मिळतो. त्यामुळे गरजेपेक्षा मोठं संयंत्र बसवणं तोट्याचं.

लाइट गेल्यावर घर चालू राहणार नाही. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा साधा, ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर वीज जाताच स्वतः बंद पडतो; तसा नसता तर तुमच्या छतावरची वीज खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या अंगावर गेली असती. त्या वेळीही वीज हवी असेल तर हायब्रीड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागेल, आणि बॅटरीसाठी अनुदान वाढत नाही.

विक्रेत्याशी करार लेखी करा. त्यात ५ वर्षांची देखभाल, डीसी (पॅनेलकडची बाजू), एसी (घराकडची बाजू) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचं वेगवेगळं अर्थिंग, आणि पॅनेल डीसीआर असल्याची नोंद हवी. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता नेट मीटर लागून त्यावर आयात आणि निर्यात असे दोन्ही आकडे तुम्ही स्वतः पाहिल्यावरच.